संध्याकाळची गोळी साडेपाचला

भूम, धाराशिव

प्रिय सुमे,

तुझं पत्र वाचून आधी हेवा वाटला, मग हसू आलं. तुमच्या लंडनच्या हॉस्पिटलात पेशंटच्या मनाला धीर द्यायला पगारी धर्मगुरू, त्यांचा नंबर वॉर्डात लावलेला, वर सगळ्या धर्मांच्या लोकांना शांत बसायला वेगळी खोली! आमच्याकडे शांत बसायची जागा म्हणजे जिन्याखालची पायरी, आणि तिथेही कुणीतरी भाकरीचं गाठोडं सोडून बसलेलं असतं. धर्मगुरूंचं काम आम्ही सिस्टर आणि मावशीच उरकतो, मधेमधे सलाईन बदलत.

आणि 'तुमच्याकडे हे शिकवतात तरी का' म्हणून काय विचारतेस? फंडामेंटल्सच्या तासाला व्हर्जिनिया हेंडरसनबाईंच्या 14 गरजा घोकल्या होत्या ना आपण? श्वास, खाणंपिणं, शौच, झोप असं करत करत अकरावी येते ती आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना. तू पेपरात 13च लिहून आलीस तेव्हा राहिली होती ती हीच.

गेल्या थंडीत कुंथलगिरीकडच्या एक जैन आजी वॉर्डात होत्या. संध्याकाळी सातला गोळी पुढे केली की तोंड घट्ट मिटायच्या. माझ्याकडे ओव्हर आली ती 'पेशंट ऐकत नाही' अशीच. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, दिवस मावळला की आम्ही पाणीसुद्धा घेत नाही." एवढंच होतं! डॉक्टरांना विचारून संध्याकाळची गोळी साडेपाचला आणली, सकाळची उजाडल्यावर. एक कॅप्सूल होती. तिचं वरचं कवच बहुतेक वेळा जनावराच्या हाडाकातड्याच्या जिलेटिनचं असतं, म्हणून तेच औषध गोळीत लिहून घेतलं. रिपोर्ट बुकात 'ऐकत नाही'च्या खाली मी 'चौविहार पाळतात' असं लिहिलं. पुढच्या ड्युटीला त्या एका ओळीनं सगळं सोपं झालं.

पण खरी परीक्षा नंतर. आजींचं जेवण हळूहळू सुटलं. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, यांच्या मनात सल्लेखना तर नसेल? तुम्ही नळी घालाल का?" अन्न सोडत मरण स्वीकारायचं ते व्रत! माझ्या पोटात गोळा आला. तुला कुंथलगिरी पेढ्यांमुळे आठवत असेल, पण जैन घरांत ते नाव निराळ्याच आदरानं घेतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली तिथेच सल्लेखना घेतली. दृष्टी जात चालली होती, मग जीवजंतू वाचवून चालायचं, आहार पारखून घ्यायचा हे मुनिव्रत पाळणार कसं? ऑगस्टच्या मध्यात त्यांनी अन्न सोडलं आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. आजींनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ती गर्दी पाहिली होती म्हणे. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने अशा व्रताला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एवढ्या मोठ्या वादात तीन पाळ्यांत विभागलेली सिस्टर काय निर्णय देणार? नळीचा निर्णय माझा नव्हेच. पण भूक औषधानं मेलीय, जगण्यावरून मन उठलंय, की हे व्रत आहे, हे पेशंटला विचारून डॉक्टरांपर्यंत न्यायचं काम माझंच. तिन्हींची वाट वेगळी.

विचारलं. आजी खुदकन हसल्या आणि तोंड उघडून दाखवलं. जीभ, गालांची आतली बाजू, सगळं पांढऱ्या चट्ट्यांनी भरलेलं! तोंड आलं होतं, दुसरं काही नाही. तोंडात लावायचं औषध सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत मऊ खिचडी मागितली, अर्थात दिवस मावळायच्या आत. श्रद्धेचा आदर करायचा म्हणून बॅटरी घेऊन तोंडात बघायचंच राहून गेलं तर तो कसला आदर, तूच सांग.

या कामाला मोठं नाव द्यायला मला संकोच वाटतो. खरं मोठं काम केईएमच्या सिस्टर्सचं. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागला त्यांनी 1973 ते 2015, अशी जवळजवळ 42 वर्षं सांभाळलं. आपल्याच पेशातली मुलगी, बोलू न शकणारी. तिच्या खोलीत भक्तिगीतं लावली की ती शांत होते, ही सिस्टर्सच्या नजरेनं टिपलेली गोष्ट डॉक्टरांच्या अहवालातून सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या निकालापर्यंत पोहोचली. जिला बोलता येत नाही तिला काय आवडतं, हे बारकाईनं बघत राहिल्याशिवाय कळत नाही. एवढी वर्षं पाळ्या बदलल्या, सिस्टर्स रिटायर झाल्या, तरी ते बघणं सुटलं नाही.

आमच्याकडे परवा एक चाचा शेवटच्या घटका मोजत होते. मुलगा नुसता घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, कॉट जरा पश्चिमेकडं करता येईल का?" कॉट फिरवायला काय लागतं? पण ऑक्सिजनची नळी आखूड! मावशीनं चाव्या शोधल्या, वॉर्डबॉयनं सिलिंडर उचलून पलीकडे नेला, शेजारच्या कॉटवरचे माळकरी आजोबा आपला पितळी तांब्या उचलून स्वतःच बाजूला सरकले. मुलगा कानाशी कलमा म्हणत बसला. आम्ही पडदा ओढून घेतला.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तुझी ती सहकारी पेशंटसाठी न विचारता प्रार्थना म्हणते. आपला देव पेशंटच्या गळ्यात घालू नये बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. आमच्याकडे दुसरं टोक असतं. ताईत असेल तर असू दे, मी सलाईन दुसऱ्या हाताला लावते. पण जखमेवर अंगारा नाही म्हणजे नाही. आणि साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेऊन दवाखाना टाळणारा कुणी भेटला की मी सरळ 2013चा जादूटोणाविरोधी कायदा सांगते. औषध थांबवून मंत्र करणं त्यात गुन्हाच आहे.

तुमच्याकडे ॲडमिशनला जो प्रश्नांचा कागद भरून घेतात, त्याचा फोटो पाठव. मला मराठीत तसा करायचा आहे. 'तुमचा धर्म कोणता' हा प्रश्न मी खाली ढकलणार, कारण आडनावावरून तो सगळ्यांनी आधीच ठरवलेला असतो. पहिला प्रश्न ठेवेन, 'घरी रोज काय केल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही?' मावशी म्हणते, अर्धे लोक तंबाखू सांगतील. सांगू देत, तेही डॉक्टरांना कळायला हवंच.

तुझीच,
शकू