मांगीतुंगीची यात्रा आणि तान्हे बाळ

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील मांगीतुंगी हे दिगंबर परंपरेतील थोर सिद्धक्षेत्र आहे. राम, हनुमान, सुग्रीव आदी नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे. ताहाराबाद मागे टाकले की सह्याद्रीच्या सेलबारी रांगेतील ही दोन शिखरे दिसू लागतात. मांगीची उंची ४,३४३ फूट असून तुंगी त्याहून किंचित उंच आहे. चढायच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास भरतात. २०१६ साली येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी अखंड पाषाणमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ पुष्कळ वाढला आहे.

यात्रेला हिवाळा सोयीचा. परंतु घरात तान्हे बाळ असले की बेत ठरतानाच निर्णय होऊन जातो: ‘थंडी फार आहे, सूनबाई आणि बाळ घरी राहतील.’ काळजी खरीच असते. पण गरोदरपण, बाळंतपण आणि पुढचे महिने मिळून वर्ष-दीड वर्ष घराबाहेर न पडलेल्या त्या मातेचे दर्शन मात्र पुन्हा लांबते. गेल्या पौषात नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन आम्ही गेलो, ते हा प्रश्न मनात ठेवूनच.

बागलाणातील थंडी बोचरी असते. सूर्य मावळताच हवा झपाट्याने गार होते. म्हणून आम्ही दुपारीच धर्मशाळेत पोहोचलो आणि मोठ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपले. पहाटे पाचला चढू लागणारे यात्रेकरू पुष्कळ होते. आम्ही मात्र उन्हे पायऱ्यांवर येईपर्यंत थांबलो. चढणाऱ्याला घाम येतो. कडेवरचे बाळ हालचाल करीत नाही, त्यामुळे ते गारठते, हे विसरू नये. एका जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि कान झाकणारे टोपरे बरे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेमागे किंवा छातीला हात लावून ऊब पाहावी. झोळीत घेतल्यास बाळाचे नाक-तोंड उघडे आणि हनुवटी छातीवर न दबलेली असावी.

शंभरेक पायऱ्या सर्वजण मिळून चढलो. तेथे चिरंजीवांनी बाळाला घेतले आणि ते खाली परतले. सूनबाई आपल्या नणंदेबरोबर पुढे गेल्या. सिद्धक्षेत्राच्या पहाडावर आपण काही खात नाही. बाळाची पेज मात्र वेळेवर व्हायला हवी, म्हणून तिची जागा पायथ्याशीच होती. आम्ही उभयतांनी तिला धर्मशाळेच्या अंगणात कोवळ्या उन्हात खेळविले, पेज भरविली आणि ऊन चढताच सावलीत निजविले. दुपारी एकच्या सुमारास सूनबाई मांगीचे दर्शन घेऊन उतरल्या. पाय थरथरत होते, पण चेहऱ्यावरचे समाधान लपत नव्हते. वेळ होता तरी तुंगीचा आग्रह कोणी धरला नाही.

या पहाडाशी बलभद्र मुनींच्या तपाची परंपरा जोडलेली आहे. त्यांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मुनी आहारासाठी नगराकडे निघाले असता त्यांच्या रूपाकडे पाहताना विहिरीवरील एका स्त्रीचे भान हरपले आणि तिने घागरीऐवजी दोर आपल्या बाळाच्या गळ्यात बांधला. ते पाहून मुनींनी तिला सावध केले आणि पुढे नगरात न जाण्याचा नियम घेतला. एका तान्ह्या जिवासाठी त्यांनी नगराची वाट सोडली. आपल्याला फार तर एक शिखर सोडावे लागते.

यत्नाचार आपण पाणी गाळताना आणि पाऊल टाकताना पाळतो. यात्रेचा बेत आखतानाही तो पाळावा. बाळ कोणी आणि किती वेळ सांभाळायचे हे घरूनच ठरवून निघावे, आणि त्या वाटणीत बाळाच्या वडिलांचे नाव पहिले असावे. मग थंडीतही बाळाला ऊब मिळते आणि त्याच्या आईला दर्शन.