मान वळणारा फ्लॅश

मित्रांनो, मार्च २०२४ मधला आपल्या मेसच्या अण्णांचा निरोप समारंभ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. एकोणीस वर्षं आपल्यासारख्या कार्ट्यांसाठी आमटी ढवळणारा माणूस त्या रात्री पहिल्यांदाच इस्त्रीचा सदरा घालून मेसमध्ये खुर्चीवर बसला होता. वॉर्डन सरांनी शाल-श्रीफळ दिलं, पोरांनी टाळ्यांनी मेस डोक्यावर घेतली आणि अण्णा बोलायला उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "जेवत जावा रे वेळेवर."

या समारंभाचा ऑफिशियल फोटोग्राफर होतो मी! कारण एकच. आमच्या विंगमध्ये 'खरा' कॅमेरा फक्त माझ्याकडे होता. तोही आतेभावाने वापरून कंटाळल्यावर दिलेला कॅनन १२००डी, २०१४ सालचं मॉडेल. गळ्यात पट्टा अडकवून मी अशा काही रुबाबात फिरत होतो की विचारू नका. फोटो काढला की कॅमेऱ्याचा तो छोटा फ्लॅश टुणकन वर यायचा, लख्ख प्रकाश पडायचा आणि मला वाटायचं, झालं काम!

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले आणि सगळा रुबाब उतरला. अण्णांचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढराफटक, डोळे लाल, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. ग्रुप फोटोत पुढे बसलेले ओळखू येत होते, मागच्या दोन रांगा अंधारात गडप! माझा रूम पार्टनर म्हणाला, "अरे, हे तर भुताच्या पिक्चरचं पोस्टर झालंय." सगळे हसले. मीही हसलो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघालेले अण्णा खोलीच्या दारात आले. "बाळ, फोटो तेवढा धाडून दे. घरी दाखवायचा हाय." मी म्हटलं, "हो अण्णा, नक्की." आणि फोटो काही पाठवला नाही. पाठवणार तरी काय?

मग डोक्यात बसलं, फ्लॅश घ्यायचा. पण आधी चुकलं काय ते तर कळायला हवं! गंमत म्हणजे त्याचं उत्तर आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातच होतं. फ्लॅशची ताकद 'गाइड नंबर'मध्ये मोजतात. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की फ्लॅश किती मीटर पोचतो ते कळतं. माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला साधारण ९. आयएसओ ४०० ला तो दुप्पट, म्हणजे १८. एफ ५.६ ने भागा, सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. त्यात इन्व्हर्स स्क्वेअर लॉ. पुढची रांग अडीच मीटरवर आणि मागची पाच मीटरवर असेल, तर मागच्यांना चौथा हिस्सा प्रकाश! हा नियम मी परीक्षेत दोनदा लिहिला होता आणि मार्कही मिळवले होते. मेसमध्ये मात्र तो आठवला नाही.

आता बजेट. पॉकेटमनीतून आणि वडापाव बंद करून जमलेले सात-साडेसात हजार. कॅननच्या स्वतःच्या चांगल्या फ्लॅशची किंमत बघितली आणि ते पान बंद केलं. त्यात तर आपल्या मेसचे बरेच महिने निघतील.

पहिला मोह झाला तो गावातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत. रोलच्या जमान्यातला दणकट फ्लॅश, फक्त नऊशे रुपये! "लावून बघ, नाही जमला तर परत आण," असं मालक म्हणाले. मी उड्या मारत घेऊन आलो. नशीब असं, की कॅमेऱ्यावर चढवण्याआधी तो लॅबमध्ये मिरवायला नेला. लॅब असिस्टंट काकांनी तो हातात घेतला, चालू केला, चार्जिंगचा दिवा लागेपर्यंत थांबले आणि मल्टिमीटरचं एक टोक पायाच्या मधल्या पिनला, दुसरं बाजूच्या पट्टीला लावलं. मीटरवर २३६ व्होल्ट! काका शांतपणे म्हणाले, "जुन्या कॅमेऱ्यात साधा धातूचा स्विच असायचा, तो सोसायचा. तुझ्यात इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. लाव आणि बघ गंमत." कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतही लिहिलेलं निघालं, की हाय व्होल्टेज फ्लॅश हॉट शूवर लावू नये. नऊशे रुपयांसाठी कॅमेरा घालवला असता. फ्लॅश परत गेला, पैसे परत आले. (जाता जाता एक सांगतो, फ्लॅश बंद पडला तरी उत्साहाने उघडून बघू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढले तरी ते लगेच जात नाहीत.)

मग प्रश्न आला टीटीएल की मॅन्युअल? टीटीएल फ्लॅश खऱ्या प्रकाशाआधी एक हलकी झलक मारतो, कॅमेरा ती मोजतो आणि किती प्रकाश टाकायचा ते स्वतः ठरवतो. लग्नात पळापळ करणाऱ्यांना फारच सोयीचा. पण मला परवडणाऱ्या कंपनीत त्याची किंमत मॅन्युअलच्या जवळजवळ दुप्पट होती. मॅन्युअलमध्ये पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश असं आपणच ठरवायचं. मी विचार केला, आपण शिकायलाच तर निघालोय! पहिल्या फोटोत जास्त झालं तर दुसऱ्यात कमी करू.

शेवटी मी गोडॉक्स टीटी६०० घेतला, पाच हजार आठशेला. खोक्यावर गाइड नंबर ६० लिहिलाय, पण तो झूम २०० मिमीवर ठेवल्यावर. रुंद फोटोसाठी तो बराच कमी भरतो, तेव्हा दोन फ्लॅशची तुलना करताना झूमचा आकडा सारखा आहे का ते बघा. मी तो घेतला त्याचं खरं कारण वेगळंच आहे. त्याची मान वर होते आणि बाजूलाही वळते. शिवाय आत रेडिओ रिसीव्हर आहे, म्हणजे पुढेमागे ट्रिगर घेतला की तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवूनही पेटवता येईल.

माझं बघून समोरच्या खोलीतला एक जण हाच फ्लॅश मागवणार होता. त्याच्याकडे कॅनन १५००डी. ऑर्डर करायच्या आधी हॉट शू बघितला, तर मधला गोल कॉन्टॅक्टच नाही! १५००डी, २००डी मार्क २ अशा काही मॉडेलांवर कॅननने तो काढून टाकलाय. त्यामुळे त्यांच्यावर असा साधा एका पिनचा फ्लॅश पेटत नाही. तेव्हा मित्रांनो, पैसे भरण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या डोक्यात एकदा वाकून बघा.

उरलेल्या पैशांत चार्जर आणि चार रिचार्जेबल सेल आले. आधी मी रिमोटचे साधे सेल घालून बघितले होते. एकदा पेटला की पुढच्या वेळेसाठी इतका वेळ घ्यायचा की समोरचे लोक चहा पिऊन येतील. इंटर्नल रेझिस्टन्स म्हणजे काय, ते त्या दिवशी खरं समजलं.

यानंतर माझे प्रयोग सुरू झाले आणि विंगमधल्या पोरांचे हाल! शटर १/५०० ठेवलं तर अर्धा फोटो काळा पट्टा. कारण माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड १/२००. त्याच्या पुढे सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा नसतोच आणि एका पिनच्या फ्लॅशमुळे कॅमेरा आपल्याला अडवतही नाही. मग मेसमध्ये फ्लॅश बाजूच्या भिंतीवर मारला, तर सगळे हिरवे! भिंतीचा पोपटी रंग चेहऱ्यांवर उतरला होता. शेवटी मान सरळ वर केली, पांढऱ्या छताकडे. आयएसओ ८००, एफ ५, फ्लॅश पाव ताकदीवर. आणि काय सांगू! सगळं छतच दिवा झालं. सावल्या मऊ, लाल डोळे गायब आणि मागची रांगसुद्धा दिसायला लागली. कारण छत पुढच्यांपासून आणि मागच्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर. तोच इन्व्हर्स स्क्वेअर लॉ, पण आता आपल्या बाजूने! गॅदरिंगला मात्र उघड्या मैदानावर ही युक्ती चालली नाही. वर आभाळ, प्रकाश परत देणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये अण्णा अचानक आले. ऑफिसात काही कागदांवर सह्या करायच्या होत्या. मी धावत कॅमेरा आणला. मेस रिकामी होती, बरीचशी पोरं घरी गेलेली. अण्णांना त्याच खुर्चीत बसवलं, फ्लॅशची मान वर केली. फोटो छान आला. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती होती आणि डोळ्यांत ओळखीचं हसू. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला, तर अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झ्याक आलाय. पर त्यो नाही व्हय? समदी पोरं होती बघ त्यात."

मला काही बोलता येईना. खोलीवर जाऊन लॅपटॉप आणला आणि मार्चमधला तो भुताचा फोटो उघडला. अण्णांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि अंधारातल्या रांगांमधून बोट फिरवत एकेकाला ओळखायला लागले. "ह्यो भात दोनदा घ्यायचा... ह्यो कारलं ताटाखाली लपवायचा..." मला न दिसलेली पोरं त्यांना दिसत होती! दोन्ही फोटो प्रिंट करून त्यांच्या पत्त्यावर पाठवले, सात महिने उशिरा.

असो. ज्युनिअर मित्र विचारतात, पहिला फ्लॅश कोणता घेऊ? मी सांगतो, मान वळणारा घे, मॅन्युअल चालेल, आपल्या कॅमेऱ्यावर पेटतो का ते आधी बघ आणि सेलसाठी पैसे बाजूला ठेव. आणि एक शेवटचं. फोटो बिघडला म्हणून लपवून ठेवू नकोस रे, मागितलाय त्याला देऊन टाक.