उभे चुंबकत्व

चुंबकीय धातूतील चुंबकत्व सगळ्या दिशांना सारख्याच सहजतेने वळत नाही. काही दिशा त्याला सोप्या असतात, काही अवघड, आणि या दिशाभेदाला चुंबकीय विषमदिकता म्हणतात. पातळ पटलात सोपी दिशा सहसा पटलाच्या प्रतलातच असते, कारण चुंबकत्व पृष्ठभागाला लंब उभे राहिले तर दोन्ही पृष्ठांवर विरुद्ध ध्रुव पसरतात आणि त्यांचे आतले उलटे क्षेत्र त्याला पुन्हा आडवे पाडू पाहते. या आकारजन्य विषमदिकतेची ऊर्जा घनफळाच्या प्रमाणात असते. उलट कडेच्या अणूंना एका बाजूस सजातीय शेजारी नसल्यामुळे, लुई नेएल यांनी 1954 मध्ये मांडल्याप्रमाणे, पृष्ठभागाची स्वतंत्र विषमदिकता संभवते, आणि तिचा वाटा जाडीवर अवलंबून नसल्याने पटल जितके पातळ तितके तिचे पारडे जड होते.

कार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये कोबाल्ट आणि पॅलेडियमचे थर आलटूनपालटून रचले, तेव्हा कोबाल्टचा थर 0.8 नॅनोमीटरहून पातळ, म्हणजे जेमतेम चार अणुस्तरांचा, असताना चुंबकत्व खरोखरच उभे राहिले. पॅलेडियम किंवा प्लॅटिनमसारख्या जड धातूंत इलेक्ट्रॉनाचे परिवलन त्याच्या कक्षीय गतीशी घट्ट जोडलेले असते, आणि दोन धातूंच्या सांध्यावर, म्हणजे आंतरपृष्ठावर, हे नाते कोबाल्टलाही दिशा लावते.

मुंबईत मालाड पश्चिमेच्या माइंडस्पेस संकुलातील कार्यालयांची माहिती ज्या हार्ड डिस्कवर साठते, तिच्यातही चुंबकत्व उभेच असते; तोशिबाने अशी डिस्क 2005 मध्ये बाजारात आणली. मात्र तिथल्या कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमच्या कणांना उभे ठेवण्याचे काम मुख्यतः स्फटिकाचा अक्ष करतो, आंतरपृष्ठ नव्हे, आणि लोकप्रिय लेखनात हा फरक अनेकदा पुसला जातो.

आंतरपृष्ठाचा अभ्यास करण्याचे एक प्रभावी साधन मुंबईतच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘ध्रुव’ ही 100 मेगावॉटची अणुभट्टी ऑगस्ट 1985 मध्ये, म्हणजे कार्सियांच्याच वर्षी, प्रथम क्रांतिक झाली, आणि तिच्यातील न्यूट्रॉन वापरून ध्रुवित न्यूट्रॉन परावर्तनाचे प्रयोग होतात. न्यूट्रॉन स्वतः सूक्ष्म चुंबक असल्याने, पटलावरून परावर्तित होताना तो थरागणिक चुंबकत्वाची नोंद घेऊन येतो. अडचण अशी की आरशासारख्या परावर्तनात न्यूट्रॉनाला चुंबकत्वाचा केवळ प्रतलातील घटक दिसतो, पूर्ण उभे चुंबकत्व त्याला अदृश्यच राहते. म्हणून बाहेरून आडवे क्षेत्र लावून ते पायरीपायरीने वाढवावे लागते. चुंबकत्व जसजसे कलते, तसतसा आडवा घटक प्रकट होतो, आणि ते पूर्ण आडवे व्हायला किती क्षेत्र लागले यावरून विषमदिकतेचे मोजमाप निघते. दोन धातूंचे अणू सांध्यावर एकमेकांत मिसळले असतील, तर हे क्षेत्र सहसा कमी भरते. त्यामुळे अशा पटलांच्या बाबतीत कोणते धातू निवडले याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, ते किती स्वच्छपणे एकमेकांवर बसवले याला महत्त्व द्यावे लागते.