दूध नाही म्हणे

बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात जास्त बोलणं होतं ते दुधाबद्दल. भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी बाळाच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडते आणि मग बाळंतिणीच्या आईला विचारते, "दूध हाय का पुरेसं?" प्रश्न आईला, उत्तर आईचं, आणि जिच्या दुधाची चर्चा चाललीय ती बाजेवर पदर सावरत ऐकत बसलेली.

माझं माहेर माणदेशातलं. २०१४ च्या एप्रिलात पहिल्या बाळंतपणाला मी तिथं गेले. तालुक्याच्या दवाखान्यात लेक झाली. वजन २ किलो ८०० ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी आलो आणि त्याच रात्री छाती तटतटून आली. दगडासारखी घट्ट, कापड लागलं तरी कळ यायची. पोर तोंड लावायची, दोनदा ओढायची, निसटायची आणि किंचाळायची. पुन्हा धरायची, पुन्हा निसटायची. पाचवी पुजली त्या दिवशी दोन्हीकडं चिरा पडल्या होत्या. ती रडायला लागली की माझ्या पोटात गोळा यायचा. आता ती पुन्हा धरणार, पुन्हा डोळ्यांसमोर काजवे चमकणार.

घरात उपायांना तोटा नव्हता. आईनं अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी तर रोजची. शेजारच्या काकूंनी शतावरी आणून दिली. मावशी तिन्हीसांजेला मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची. सासरहून फोन यायचा, "पावडरचा डबा सुरू करा, पोरगी वाळंल अशानं." सगळ्यांचा जीव पोरीसाठीच तुटत होता. पण एका दुपारी खिडकीबाहेरून शब्द कानावर आले, "हिला दूध न्हाई म्हणं." सहा दिवसांच्या बाळंतिणीला ते कसं लागतं ते कसं सांगू? रात्री पोरीला मांडीवर घेतलं की मलाही वाटायचं, नसेलच. माझ्या अंगातच काही कमी असेल.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं जायचं असतं. गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळं जपण्याचं हे काम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी गडचिरोलीच्या खेड्यांत करून दाखवलं होतं, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा माझ्यासाठी त्या फक्त वरच्या आळीतल्या ताई होत्या.

त्यांनी काट्याला झोळी अडकवली, पोरीला आत ठेवलं. २ किलो ५५० ग्रॅम. खोलीत सगळ्या गप्प. मग कुणीतरी बोललंच, "बघा, म्हणलं नव्हतं?" ताईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण हे जरा जास्त आहे, एवढंच म्हणाल्या. शी-शू किती वेळा होते विचारलं, पोरीचे हातपाय, डोळे पाहिले आणि मला म्हणाल्या, "आता पाज. मी बघते."

इतक्या दिवसांत बोललं प्रत्येकानं होतं. बघितलं कुणीच नव्हतं.

"नुसतं बोंड तोंडात गेलं तर ती चघळत बसती," त्या म्हणाल्या. "तिला दूध येत न्हाई आन तुला चिरा पडत्यात." कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं त्यांनी छाती शेकायला लावली, हातानं थोडं दूध काढून भोवतीचा भाग मऊ करायला लावला. मग पोरीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. तिनं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडल्यावरच तिला जवळ घेतलं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग जास्तीत जास्त तोंडात. कळ आली, पण थोडीच. आणि घोट गिळल्याचा आवाज आला.

आज्जी दारात उभी होती. जन्मभर गाईम्हशी पिळलेली बाई. ती म्हणाली, "आगं, कास लई तटली की वासराच्या तोंडात आचळ बसतच न्हाई. दोन धारा काढाव्या लागत्यात. हे तर मला म्हाईत हाय की! आन गर्दी झाली की गाय पान्हा चोरती." एवढं बोलून तिनं सगळ्या बायकांना ओसरीवर काढलं. त्या दिवसापासून पाजायच्या वेळी आत फक्त ती असायची, तीही पाठ करून.

डबा आणला नाही. पाजून झाल्यावर उरलेलं दूध काढून वाटीत घ्यायचं आणि बोंडल्यानं पाजायचं, दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी, असं ताईंनी सांगितलं. "तीन दिवसांत वजन वाढलं न्हाई, तर सरळ डॉक्टरकडं," हेही बजावलं. दहाव्या दिवशी फेरी नसताना त्या आल्या. २ किलो ६०० ग्रॅम. चौदाव्याला २ किलो ७००. एकविसाव्याला २ किलो ८८०.

मग नवीनच सुरू झालं. दिवेलागण झाली की पोर सूर लावायची तो दोन-दोन तास. पाजलं तरी रडायची, घेतलं तरी रडायची. ओसरीवर पुन्हा तेच, "पोट भरत नसंल." कुणी सहाण आणि मुरुडशेंग काढली, कुणी म्हणालं निदान चमचाभर पाणी तरी द्या, केवढं ऊन! आशाताई ऐकायच्या नाहीत. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही; त्यातच पाणी असतं. त्यांनी वही उघडून आकडे दाखवले. आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढणारं, दिवसातनं सहा-सात वेळा शू करणारं पोर उपाशी नसतं. असं रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग उतरतं. ताप आला, पिणं सोडलं, मलूल पडली तर मात्र थांबायचं नाही.

मग आज्जीनं जुन्या लुगड्यात पोरीला छातीशी बांधलं आणि अंगणात फेऱ्या घातल्या. ती थकली की बाबा, बाबा थकले की मी. काही संध्याकाळी ती शांत व्हायची, काही संध्याकाळी नाही. तिसरा महिना सरता सरता ते रडणं आपोआप गेलं.

लेक सहा महिने निव्वळ अंगावर पिऊन वाढली. नंतर कुणी आज्जीला विचारलं, नातीला दूध आणायला काय औषध दिलं, तर ती म्हणायची, "दूध व्हतंच की. आम्ही खोली रिकामी केली."