दोन बाळं, तिकीट एकही नाही

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. पण वेगळी जागाही मिळत नाही. म्हणजे जुळी फुकट, मांड्या आमच्या! रत्नागिरीला जाताना पनवेल सुटल्यापासून एक झोपलं, की दुसरं उठे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला आणि दोघांनी एकदम भोकाड पसरलं. समोरच्या आजींनी न विचारताच एकाला उचललं, पदराचं टोक हातात दिलं. रत्नागिरीला निम्मं घर फलाटावर. आजेसासूबाईंनी घराच्या उंबऱ्यातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग 'कोण कोणावर गेलाय' हा वाद. हुबेहूब सारख्या पोरांत एक माहेरच्या वळणाचा, दुसरा सासरच्या, हे ठरवतात कसं कोण जाणे! मला त्या गडबडीत चहा मिळाला, आणि तो गरम असतानाच पिता आला.