देवासहून धारकडे, त्या बारा ट्रकांच्या रस्त्याने

१ जानेवारी २०२५ च्या रात्री नऊच्या सुमारास भोपाळहून बारा बंद कंटेनर निघाले. सोबत पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या. सीहोर, देवास, इंदूर असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. पहाटे ते धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचले. आत युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा होता. १९८४ च्या डिसेंबरमध्ये ज्या कारखान्यातून वायू गळला, तिथली माती, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, सेविन या कीटकनाशकाचे अवशेष, असं सगळं.

मी त्याच रस्त्याने गेलो तो जुलैमध्ये, कचरा जाळून झाल्यावर. कारण अगदी घरगुती होतं. माझा आतेभाऊ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, भाड्याने राहतो, मुलगी दोन वर्षांची. तिथेच फ्लॅट घ्यायचा विचार चालला होता. त्याचा फोन आला, "दादा, तू बीई आहेस, येऊन बघ आणि सांग, घेऊ का नको?" आता मी बीई असलो तरी पोट भरतो सॉफ्टवेअरवर. चिमणीतून काय येतं हे मला कोण विचारणार? पण भाऊ विचारतो तेव्हा जावं लागतं.

पहिला मुक्काम देवासला, आत्याकडे. देवास आपल्या लोकांना तीन-चार गोष्टींनी माहीत असतं. टेकडीवरची चामुंडा आणि तुळजाभवानी, नोटांचा छापखाना, आणि हवापालटासाठी येऊन इथलेच झालेले कुमार गंधर्व. शिवाय पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून सुरू झालेली दोन राज्यं एकाच गावात नांदली. गाव एक, दरबार दोन. आत्याला याचा अजून अभिमान आहे. पोह्यांवर शेव टाकता टाकता ती मला थोरल्या पातीच्या गोष्टी सांगत होती, मराठीत सुरू करून हिंदीत संपवत. माळव्यातली आपली मराठी अशीच आहे आणि मला ती फार गोड वाटते.

दुसऱ्या दिवशी तिचा गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता. खोलीच्या दारावर किरणोत्साराची तीन पात्यांची खूण, गरोदर बायकांसाठी सूचना, आणि तंत्रज्ञाच्या खिशाला लावलेला छोटा बिल्ला. हा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरणोत्सार पडला हे सांगतो. मर्यादा ठरलेली असते: पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या-माझ्यासाठी, म्हणजे सामान्य माणसासाठी, उपचारातला किरणोत्सार सोडून वर्षाला १.

आत्याला मी सांगितलं, की हे यंत्र आणि तारापूरचं अणुवीज केंद्र यांना परवाना देणारी संस्था एकच आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ, स्थापना नोव्हेंबर १९८३. आत्या म्हणाली, "मग ठीक आहे." मी मात्र पुढचं सांगितलं नाही. २०१२ मध्ये महालेखापालांनी या मंडळाचा हिशेब तपासला, तेव्हा देशातल्या सुमारे ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे यंत्रांची मंडळाकडे नोंदच नव्हती. त्यानंतर ऑनलाइन परवान्यांची यंत्रणा आली, चित्र सुधारलं. पण त्याच अहवालातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ज्या खात्याच्या केंद्रांवर लक्ष ठेवायचं, त्याच व्यवस्थेच्या हाताखाली मंडळ होतं. आमच्या कामात साधा नियम आहे, स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करता येत नाही. देवासचे दोन दरबार एकमेकांवर जशी नजर ठेवून असतील, तशी नजर इथे हवी.

आणि नोंद नसली की काय होतं, हे दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये दिसलं. एका विद्यापीठात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. त्याने ते फोडलं. एक कामगार गेला, बाकीचे आजारी पडले. कुठे स्फोट नाही, आग नाही. एका वस्तूवरून तपासणाऱ्यांची नजर हटली होती, एवढंच.

देवास सोडलं की पस्तीसेक किलोमीटरवर इंदूर. तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. आत इंडस-२ नावाचं पावणेदोनशे मीटर घेराचं कडं आहे, त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. अणुभट्टी नाही, तरी चालवायला परवाना याच मंडळाचा लागतो. अणुवीज केंद्राला तर प्रत्येक पायरीवर: जागा, बांधकाम, चाचणी, मग चालवणं. चालवायचा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि दर दहा वर्षांनी सगळं मुळापासून तपासायचं.

यातलं एक मला सगळ्यात पटतं. केंद्र सुरू व्हायच्या कितीतरी आधी तिथे पर्यावरणाची प्रयोगशाळा सुरू होते. आसपासच्या गावांतलं दूध, मासे, भाजी, विहिरीचं पाणी मोजून ठेवतात. म्हणजे उद्या कोणी म्हणालं की पाणी बिघडलं, तर आधीचा आकडा समोर असतो.

भावाच्या गल्लीत हाच आकडा कोणाकडे नव्हता.

पीथमपूर म्हणजे कारखाने, ट्रक, धूळ, आणि शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोंढा. जिथे कचरा जाळला ती जागा तारपुरा गावाला लागून आहे. नावाचा योगायोग बघा, आपलं तारापूर आणि हे तारपुरा. पण तारापूरसारख्या केंद्राभोवती किलोमीटर-दीड किलोमीटरचं वर्जित क्षेत्र ठेवतात, तिथे वस्ती नसते. ते फुकट मिळत नाही. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, आणि त्यांचं दुःख वेगळंच आहे. तारपुऱ्यात मात्र मी भिंतीच्या बाहेर म्हशी चरताना पाहिल्या.

ट्रक आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला, पीथमपूर बंद होतं. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि फेब्रुवारीच्या शेवटी चाचण्या सुरू झाल्या. दहा-दहा टनांच्या तीन, ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने. उरलेला ३०७ टन कचरा ५ मे पासून जूनअखेरपर्यंत जाळला, केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या देखरेखीखाली. अधिकाऱ्यांनी सांगितलं, उत्सर्जन मर्यादेत होतं.

भाऊ म्हणाला, "मर्यादेत म्हणतात, मग लोक का ऐकत नाहीत?"

मी त्याला भट्टी समजावली. पहिल्या कप्प्यात साडेआठशे अंशांच्या आसपास, दुसऱ्यात अकराशे, आणि तिथे वायू निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. तापमान पडलं किंवा वायू लवकर निसटला, तर डायॉक्सिनसारखी विषं शिल्लक राहू शकतात. चिमणीवरची यंत्रं धूळ, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड वगैरे सतत मोजतात. डायॉक्सिन मात्र तसं सतत मोजता येत नाही. नमुना गोळा करून खास प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, उत्तर नंतर येतं. म्हणजे लोकांना ज्या आकड्याची सगळ्यात जास्त भीती, तोच आकडा पडद्यावर कधी दिसत नाही. आणि मर्यादा असते एका घनमीटरला एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा दहावा हिस्सा. हे चहाच्या टपरीवर कसं सांगणार?

मला वाटतं, तिथल्या लोकांचा राग विज्ञानावर नव्हता. चाळीस वर्षं भोपाळमध्ये पडून राहिलेली वस्तू एका रात्रीत आपल्या दारात का आली, आणि आमच्या पाण्याचा आधीचा अहवाल कुठे आहे, एवढंच ते विचारत होते. हे प्रश्न चांगले आहेत. मीही तेच विचारले असते.

जळून झाल्यावर राख किती उरली? आठशे टनांहून जास्त, कारण जाळताना चुन्यासारखे पदार्थ मिसळावे लागतात. ३३७ चे आठशे! ती पोत्यांत भरून छपराखाली ठेवली होती. पुढे ती जमिनीत खास अस्तर घातलेल्या कोठीत पुरायची. तेव्हा तपासणीचं खरं काम आता सुरू होतं. भट्टी पंचावन्न दिवस चालली, पण कोठीभोवतीच्या विहिरींचं पाणी भावाची मुलगी म्हातारी होईपर्यंत मोजत राहावं लागेल. बातमी संपली की कॅमेरे जातात. नमुना घेणारा माणूस दर मोसमात येतो का, हे कोण बघतं?

फ्लॅटच्या इमारतीला बोअरचं पाणी होतं. भावाला म्हटलं, आपणच आधीचा आकडा तयार करू. दोन स्वच्छ बाटल्या भरल्या, तारीख, वेळ, जागा लिहिली आणि पाऊस सुरू असतानाच धारला निघालो.

धार छान आहे. तलाव, उतारावरची जुनी घरं आणि किल्ला, जिथे १७७५ मध्ये दुसरा बाजीराव जन्मला. लाट मशिदीच्या आवारात तीन तुकडे झालेला लोखंडी स्तंभ पडलाय, भावाने त्याच्याजवळ मुलीचे दहा फोटो काढले. प्रयोगशाळेत पाणी देऊन झालं होतं. तिथल्या माणसाने आधीच सांगितलं, इथे क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह हे नेहमीचं होईल, पारा आणि बाकी जड धातूंसाठी बाहेर पाठवावं लागेल, पैसे लागतील. भावाने पैसे भरले.

पहिला अहवाल पंधरा दिवसांनी आला. पाणी जड आहे, बाकी ठीक. दुसरा यायचाय. भावाने त्याच्या इमारतीतल्या आणखी चार घरांना बाटल्या भरायला लावल्या आहेत, आणि बिल्डरला सांगितलंय की टोकनचं नंतर बघू.