काळीज

वडिलांच्या यकृताला सूज आल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां आईनें मला विचारलें, "यकृत म्हणजे काय रे?" शब्दांचीं कुळें सांगण्याचा मला मोठा सोस. मीं ऐटींत उत्तर दिलें, "यकृत म्हणजे आपलें काळीज!"

उत्तर चुकीचें नव्हतें. अमरकोशांत 'यकृत' व 'कालखंड' हे शब्द समानार्थी दिले आहेत. (इतिहासकार ज्या कालखंडांवर ग्रंथ लिहितात ते निराळे, हा म्हणजे काळसर मांसाचा तुकडा.) 'कालेय' हेंही यकृताचेंच एक संस्कृत नांव, त्याच्याशीं आपल्या काळजाचें आणि हिंदी 'कलेजा'चें नातें आहे. खाटकाकडे कलेजी मागितली, तर तो अजूनही यकृतच तोडून देतो. यकृत या शब्दाचा गोतावळा तर त्याहून मोठा. ग्रीक 'हेपार' आणि लॅटिन 'येकुर' हे त्याचे भाऊबंद, फारशी 'जिगर' हीही त्याच घराण्यांतली. म्हणजे शाहू महाराजांच्या कारकीर्दींत 1912 सालीं उभ्या राहिलेल्या खासबागेच्या मैदानांत आम्ही कोल्हापूरकर मल्लाची जिगर वाखाणतों, तेव्हां नकळत त्याच्या यकृताचीच तारीफ करीत असतों! मलायी भाषेंत 'हाति' हा एकच शब्द यकृताला आणि अंतःकरणाला चालतो.

मराठींत मात्र काळीज केव्हांच वर सरकून छातीच्या डाव्या बाजूला जाऊन बसलें आहे. तें धडधडतें, तुटतें, त्याचें पाणी होतें. आईला ठाऊक होतें तें हें काळीज.

वडिलांचे तालमींतले एक जुने जोडीदार होते. तरुणपणीं दोघांनीं एकाच आखाड्याची माती अंगाला लावलेली. वडील अंथरुणावर असतांनाच ते वारले. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आईनें उंबऱ्यावरूनच परत पाठविलें आणि आम्हां मुलांनाही कांहीं कळूं दिलें नाहीं. काळजाचें दुखणें, धक्का सोसायचा नाहीं, असें तिला वाटलें.

महिन्याभरानें वडील हिंडूंफिरूं लागले आणि पहिल्याच दिवशीं जोडीदाराच्या घरीं गेले. परत आले ते वहाणाही न काढतां सोप्यांत भिंतीला टेकून बसले.

"मला कां सांगितलें नाहींस?"

"ह्यानेंच सांगितलें होतें, काळजाचा आजार आहे म्हणून," आई माझ्याकडे पाहून म्हणाली.

मीं अमरकोशाचें नांव काढलें नाहीं. वडिलांनींही मला कांहीं विचारलें नाहीं. बऱ्याच वेळानें ते आईला एवढेंच म्हणाले, "आपल्या घरांतून खांदा द्यायला कोण गेलें होतें?"

कोणीच गेलें नव्हतें.